काढता येईल अशी जाळी

पित्तनलिकेत बसवायच्या धातूच्या स्टेंटची कथा सहसा विजयकथा म्हणून सांगितली जाते. आधी पोट उघडून करायची मोठी शस्त्रक्रिया होती, मग दुर्बिणीतून सरकवायची प्लास्टिकची नळी आली, मग तिच्या जागी तारांची जाळी आली आणि प्रश्न सुटला. सत्तरीतल्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने कावीळ झालेल्या रुग्णापुरती ही कथा बऱ्यापैकी खरी आहे. पण रुग्ण बारा वर्षांचा मुलगा असेल, किंवा तिशीतली बाई असेल, तर तीच कथा वेगळ्या रीतीने सांगावी लागते. धातूची जाळी पित्तनलिकेत घालता येऊ लागली १९८९ च्या सुमारास. ती भरवशाने बाहेर काढता येऊ लागली त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. तरुण रुग्णांच्या दृष्टीने मोठा शोध हा दुसरा, असे माझे म्हणणे आहे. मधल्या वीस वर्षांत जे झाले ते कौशल्य कमी पडल्यामुळे झाले नाही. मोजके महिने उरलेल्या माणसासाठी केलेला हिशेब साठ वर्षे जगायचे असलेल्या माणसाला लावला गेला, म्हणून झाले.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते आणि ते बोटभर लांबीच्या नलिकेतून आतड्यात उतरते. ही नलिका दबली किंवा आकसली की डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, शौचाचा रंग पांढुरका पडतो. साचलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडी वाजून ताप येतो आणि तो दोन दिवसांत माणसाला अत्यवस्थ करू शकतो. नलिकेच्या आतड्यातल्या तोंडात दुर्बिणीच्या वाटेने नळी घालणे १९६८ साली अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी प्रथम करून दाखवले, आणि जपानी डॉक्टरांनी चांगल्या दुर्बिणी हाताशी घेऊन ते रोजच्या वापरात आणले. १९७४ मध्ये जर्मनीतील एर्लांगेनचे डेमलिंग व क्लासेन आणि जपानमधील क्योतोचे कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ते तोंड विजेच्या तारेने कापून रुंद करता येते हे प्रसिद्ध केले. १९७९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये निब सुहेंद्रा या मूळच्या इंडोनेशियातील डॉक्टरांनी त्याच वाटेने प्लास्टिकची नळी आत बसवली. कर्करोगाने वाट अडवलेल्या रुग्णांची कावीळ पोट न उघडता उतरू लागली. दोष एकच होता. तीन मिलिमीटरच्या नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर धरायचा, त्यावर गाळ बसायचा आणि साधारण तीन महिन्यांत नळी तुंबायची. मग पुन्हा ताप, पुन्हा कावीळ, पुन्हा दुर्बीण.

तारांची जाळी या दोषावर उतारा म्हणून आली, आणि ती आली रक्तवाहिन्यांच्या दुनियेतून. हान्स वॉलस्टेन या स्वीडिश अभियंत्याच्या कल्पनेवरून स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या मेडिन्व्हेंट कंपनीने पोलादी तारांचा विणलेला स्टेंट बनवला होता. बारीक आवरणात दाबून तो आत न्यायचा. आवरण मागे ओढले की तो आपल्या जोरावर फुलतो. मार्च १९८६ मध्ये तुलूझला जाक प्युएल यांनी तो हृदयाच्या धमनीत बसवला. १९८९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या हाउब्रेख्त्से यांच्या गटाने पित्तनलिकेतला अनुभव प्रसिद्ध केला. ह्यूस्टनमध्ये चेझारे जानतुर्को यांच्या नागमोडी तारेच्या स्टेंटवर १९८५ पासूनच पित्तनलिकेसाठी प्रयोग चालू होते. यामागचे गणित मोहात पाडणारे होते. प्लास्टिकची नळी ३.३ मिलिमीटर, फुललेली जाळी १० मिलिमीटर. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे व्यास तिप्पट झाला तर कागदावर प्रवाह एक्याऐंशी पट. पित्त इतके संथ वाहते की प्रत्यक्षात या एक्याऐंशीला फारसा अर्थ नाही, पण रुंद नळी उशिरा तुंबते एवढे खरे. १९९२ साली 'लॅन्सेट'मध्ये अॅमस्टरडॅमच्या गटाने १०५ रुग्णांवरची तुलना छापली. प्लास्टिकचा स्टेंट मध्यकाने १२६ दिवस वाहता राहिला, धातूचा २७३ दिवस.

हे दोन आकडे पुढे पाठ्यपुस्तकांत गेले, आणि ते चाचणीत कोणावर मोजले होते हा तपशील मागे पडत गेला. ते सगळे गाठीचे रुग्ण होते आणि त्यांतले निम्मे पाच महिन्यांच्या आसपासच गेले. ज्याच्या हाती पाच महिने आहेत त्याला नऊ महिने टिकणारी नळी म्हणजे जन्मभराची नळी. ती तुंबण्याआधी बहुतेक रुग्ण जग सोडून जात होते, म्हणून ती यशस्वी ठरली. यात कसलीही लबाडी नव्हती. ज्या प्रश्नासाठी ती बनवली त्याचे ते चोख उत्तर होते. पण नियमनातही हाच हिशेब शिरला. अमेरिकेत अशा स्टेंटना परवानगी होती ती पित्तमार्गातल्या कर्करोगाचा अडथळा सुसह्य करण्यापुरती. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी म्हणून ती मिळवणे तुलनेने सोपे होते, आणि मग पित्तनलिकेचे लेबल असलेले हे स्टेंट तिथले डॉक्टर पायाच्या आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांत सर्रास बसवू लागले. एका अवयवासाठी आणि एका आयुर्मानासाठी दिलेला दाखला दुसरीकडे किती सहज चालून जातो, याचा हा ढळढळीत नमुना आहे.

याच सुमाराला दुसरी एक लाट उसळली. पित्ताशय काढण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात सुरू झाली आणि वाऱ्यासारखी पसरली. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ती भारतात आणली. रुग्णाला ती वरदान होती: चार छोटी भोके, दोन दिवसांत घरी. पण जगभरच्या सुरुवातीच्या अनुभवात एक गोष्ट दिसली. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकेलाच चिमटा लागण्याचे किंवा ती कापली जाण्याचे प्रमाण, जुन्या पद्धतीत हजारात एक-दोन असे, ते नव्या पद्धतीत चार-सहापर्यंत गेले. पित्ताचे खडे होणाऱ्यांत तरुण बायका बऱ्याच असतात. अशा रीतीने एकाच दशकात एकीकडे धातूची जाळी हाताशी आली आणि दुसरीकडे आकसलेल्या नलिकेच्या, कर्करोग नसलेल्या, पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगायच्या रुग्णांची रांग लागली. दोन्हींची गाठ पडली नसती तरच नवल.

जाळी आत गेल्यावर काय होते ते दिसायला वेळ लागत नाही, पण त्याची किंमत कळायला लागतो. उघड्या तारांच्या छिद्रांतून नलिकेचे अस्तर काही आठवड्यांत आत वाढते आणि तारा भिंतीत रुततात. कर्करोगाच्या रुग्णात हाच गुण ठरतो, कारण स्टेंट जागचा हलत नाही. निरोगी अस्तर मात्र थांबत नाही. ते वाढतच राहते, जाळी आतून बुजते, वर खडे साचतात. मग जाळीच्या आत दुसरी नळी, तिच्या आत तिसरी. रुतलेली जाळी दुर्बिणीने ओढली तर नलिकेचे अस्तर फाटते आणि शस्त्रक्रिया करावी तर शल्यविशारदाला जोडायला निरोगी नलिकाच उरलेली नसते, कारण तेवढा भाग तारांनी भरलेला असतो. १९९८ मध्ये ब्रसेल्सच्या ज्या गटाने प्लास्टिक आणि धातू दोन्ही वापरून पाहिले होते, त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या आकुंचनात प्लास्टिक सर्वांत चांगले आणि धातू सर्वांत वाईट असा निर्वाळा दिला. सात वर्षांनी आलेल्या एका व्यापक आढाव्यालाही कर्करोग नसलेल्या रुग्णात कायमची जाळी घालण्यास पुरेसा आधार सापडला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की १९९० साली हे कोणाला ठाऊक असणार? मागे वळून शहाणपण सांगणे सोपे असते. आक्षेप रास्त आहे, पण पूर्ण टिकत नाही, कारण त्याच वैद्यकाच्या शेजारच्या दोन खोल्यांत हा धडा आधीच गिरवला गेला होता. पहिली खोली मुलांच्या शल्यविशारदांची. जन्मतःच पित्तनलिका फुग्यासारखी फुगलेली असते अशा विकारात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो फुगा तसाच ठेवून आतड्याला जोडून देत. शस्त्रक्रिया छोटी, मूल चटकन बरे, कावीळ गायब. वीस-तीस वर्षांनी तीच मुले मोठी होऊन परत आली, वारंवार ताप घेऊन, खडे घेऊन, आणि काही जणांच्या त्या ठेवलेल्या फुग्याच्या भिंतीत कर्करोग होता. १९६९ मध्ये बॅबिट यांनी स्वादुपिंडाचा रस उलटा चढून नलिकेची भिंत जाळतो असे स्पष्टीकरण दिले, आणि १९७० च्या दशकात फुगा संपूर्ण काढून टाकण्याचा नियम रुळला. दुसरी खोली मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांची. टेक्सासमध्ये चार्ल्स मुलिन्स यांच्या गटाने १९८८ च्या सुमारास फुप्फुसाच्या धमनीसाठी स्टेंटचे काम सुरू केले, तेव्हापासून या शाखेत एक प्रश्न आधी विचारला जाऊ लागला: मूल वाढेल, ही जाळी वाढेल का? जी पुढे फुग्याने ताणून प्रौढ मापाची करता येणार नाही ती वाढत्या मुलाच्या मुख्य धमनीत शक्यतो घालू नये, हा तिथला दंडक झाला. पित्तनलिकेच्या क्षेत्राला असा दंडक का सुचला नाही, याचे कारण मला असे दिसते की तिथली अवजारे मुळात प्रौढांच्या कर्करोगासाठी घडली होती आणि मुलांचे डॉक्टर त्या टेबलाशी क्वचितच उभे असत.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, आणि तिने एका अर्थी त्यांना वाचवले. जेरोम वे यांनी १९७६ मध्ये काही महिन्यांच्या बाळात ही दुर्बीण करून दाखवली होती. पुढे व्हेनेझुएलाचे मोइसेस गेलरूद यांनी नवजात बालकांसाठी बनवलेल्या साडेसात मिलिमीटरच्या दुर्बिणीने मोठा अनुभव जमवला. पण त्या दुर्बिणीतून अवजार घालायची वाट अवघी दोन मिलिमीटरची. धातूचा स्टेंट दाबून बसवलेले आवरणसुद्धा त्याहून जाड असते. बाळाची पित्तनलिका स्वतःच एक-दीड मिलिमीटरची; तिच्यात दहा मिलिमीटरची जाळी फुलवण्याचा विचारच संभवत नाही. त्यात बाळांच्या पित्तनलिकेचा सर्वांत घातक विकार असा की तिथे स्टेंट घालायला नलिकाच नसते. जन्मानंतरच्या आठवड्यांत बाहेरची पित्तनलिका दाहाने नष्ट होऊन तिची नुसती दोरी उरते. एडिंबराचे जॉन थॉमसन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. सेंदाईचे मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये यकृताच्या दारापाशी आतड्याचा तुकडा थेट जोडण्याची शस्त्रक्रिया केली, ती १९५९ मध्ये जपानीत प्रसिद्ध झाली आणि पाश्चात्त्यांच्या कानावर पुरती जायला आणखी दहा वर्षे गेली. ती दोन महिन्यांच्या आत केली तर यशाची शक्यता अधिक, म्हणून तैवानने बाळाच्या शौचाचा रंग ताडून पाहायचे रंगीत कार्ड २००४ पासून देशभर वाटले. या विकारात तारेच्या जाळीपेक्षा त्या कागदी कार्डाचा अधिक उपयोग झाला आहे.

मग मुलांत स्टेंटचा प्रश्न उभा कसा राहिला? यकृत प्रत्यारोपणामुळे. कासाईंची शस्त्रक्रिया अपुरी पडलेल्या मुलांना नवे यकृत हवे आणि लहान मापाचे यकृत मिळणे दुर्मीळ. १९८९ मध्ये ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा तुकडा मुलाला यशस्वीपणे बसवला, शिकागोला ब्रोल्श यांच्या गटाने ती पद्धत रुजवली. भारतात १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वडिलांच्या यकृताच्या तुकड्याने वीस महिन्यांच्या मुलाचे प्राण वाचले. मोठ्याच्या यकृताच्या कापलेल्या तुकड्यातल्या एक-दोन बारीक नळ्या मुलाच्या आतड्याच्या वळणाला टाचायच्या, हे काम विलक्षण नाजूक, आणि तो जोड पुढे लक्षणीय प्रमाणात आकसतो. हे आतड्याचे वळण सेझार रू यांच्या नावाने ओळखले जाते. ते लोझानचे, जिथे पुढे शंभरेक वर्षांनी तारेचा स्टेंट विणला गेला. पण रू यांचे वळण घातलेल्या मुलात तोंडावाटे गेलेली नेहमीची दुर्बीण जोडापर्यंत सहसा पोचत नाही. मग बरगड्यांखालून यकृतात सुई घालून, आकसलेला जोड फुग्याने रुंद करून, नळी महिनोन्‌महिने बाहेर लोंबत ठेवायची. त्या लोंबत्या नळीला कंटाळून धातूची जाळी बसवण्याचा मोह झालेल्यांना दोष देववत नाही. पण प्रत्यारोपण झालेल्या सात वर्षांच्या मुलापुढे अख्खे आयुष्य आहे, आणि जाळी रुतली तर दुसऱ्या प्रत्यारोपणाच्या वेळी जोडायची जागाही गेली.

वाट मोकळी केली ती आवरणाने. जाळीला आतून-बाहेरून सिलिकोनसारख्या पदार्थाने पूर्ण मढवले की अस्तर छिद्रांतून आत येत नाही. टोकाला ओढायची कडी ठेवली की चिमट्यात धरून ती बाहेर काढता येते. २००८ च्या सुमारास अमेरिकेतून कहाले यांच्यासारख्यांनी अशी झाकलेली जाळी मुदतीने घालून काढण्याचे अनुभव छापले. २०१४ मध्ये देव्हिएर यांच्या नेतृत्वाखाली ११ देशांतल्या १८७ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात गंभीर त्रास न होता जाळी निघण्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के होते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ११२ रुग्णांच्या चाचणीत आकुंचन सुटण्याचे प्रमाण धातूने ९२.६ टक्के तर अनेक प्लास्टिक नळ्यांनी ८५.४ टक्के आले, आणि दुर्बिणीच्या खेपा सरासरी ३.२४ वरून २.१४ वर उतरल्या. शेवटचा आकडा मुलांसाठी सर्वांत मोलाचा. प्रौढाला गुंगीचे इंजेक्शन पुरते, पण मुलाला प्रत्येक खेपेला पूर्ण भूल, शिवाय क्ष-किरणांचा मारा. रोमच्या कोस्तामान्या यांची दर तीन महिन्यांनी नळ्या वाढवत नेण्याची पद्धत उत्तम निकाल देते, पण वर्षभर दर तिमाहीला भूल म्हणजे कोवळ्या जिवाला आणि त्याच्या आईबापांना थोडीथोडकी शिक्षा नव्हे. प्लास्टिकच्या बाजूने जे बोलतात त्यांनी हा भार मोजलाच पाहिजे. आणि तो मोजला की मोठ्या मुलांत झाकलेल्या जाळीचे पारडे जड होते, हे मी मान्य करतो.

मात्र त्याच २०१६ च्या चाचणीतली एक अट डोळ्यांसमोर ठेवावी लागते: सहा मिलिमीटरपेक्षा बारीक पित्तनलिकेचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. निरोगी मुलाची नलिका बहुधा साडेतीन मिलिमीटरच्या आत असते; ती अडथळ्यामागे फुगलेली असेल तरच जाळीला जागा. झाकलेली जाळी पित्ताशयाचे तोंड किंवा यकृतातली एखादी शाखा बंद करू शकते, आणि घसरून आतड्यात उतरू शकते. ज्या गुणाने ती निघते त्याच गुणाने ती निसटतेही. मुलांतला पुरावा छोट्या रुग्णमालिकांचा आहे. त्यामुळे 'प्रौढांत सिद्ध झाले' हे वाक्य मुलांच्या बाबतीत पुन्हा तोच जुना हिशेब होऊ शकतो. आपल्याकडे तर तरुणांची पित्तनलिका अडण्याची कारणेही पाश्चात्त्य चाचण्यांत फारशी सापडत नाहीत. केरळात गीवर्गीस यांनी नोंदवलेला, कोवळ्या वयात खडे धरणारा स्वादुपिंडाचा जुनाट दाह हे एक. दुसरे, यकृताकडे जाणारी मुख्य शीर लहानपणीच बंद पडून तिच्याभोवती फुगलेल्या शिरांचे जाळे पित्तनलिकेवर दाबते ते. चंडीगडच्या पीजीआयमधून दिलावरी आणि चावला यांनी १९९२ मध्ये या रुग्णांच्या पित्तनलिकांतले बदल मांडले. पहिल्यात मुदतीची धातूची जाळी कामाची ठरते. दुसऱ्यात नलिकेच्या भिंतीतच फुगलेल्या शिरा असतात. तिथे फुलणारी तार म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण, आणि खरा उपाय रक्ताची वाट वळवणाऱ्या शस्त्रक्रियेत असतो.

शल्यविशारद इथे विचारतील की मग स्टेंट हवाच कशाला. नलिका आतड्याला नीट जोडून दिली की बहुतेकांचे जन्मभराचे काम होते. कापलेल्या नलिकेत, जन्मजात फुग्यात, नष्ट झालेल्या नलिकेत त्यांचे बरोबरच आहे. पण जोडच आकसला तर पुन्हा पोट उघडणे दर वेळी अवघड होत जाते. तिथे मुदतीच्या आधाराची जागा आहे, आणि त्या आधाराने शस्त्रक्रियेची वाट बंद करू नये एवढीच अट. पॉलिडायऑक्सॅनोन या विरघळणाऱ्या टाक्याच्या धाग्यापासून चेक प्रजासत्ताकात विणलेले स्टेंट याच अटीतून आले. ते काही महिन्यांत आपोआप विरतात आणि प्रत्यारोपण झालेल्या मुलांत बरगडीखालच्या वाटेने वापरले जात आहेत.

कर्करोगात तरी मुलांना प्रौढांचा हिशेब लागू पडतो का, तेही तपासण्यासारखे आहे. मुलांच्या पित्तनलिकेतली सर्वांत नेहमीची घातक गाठ स्नायूपेशींसारख्या पेशींची, रॅब्डोमायोसार्कोमा, आणि ती बहुधा तीन-चार वर्षांच्या वयात कावीळ घेऊन येते. कावीळ उतरल्याशिवाय व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधे पूर्ण मात्रेत देता येत नाहीत, म्हणून वाट मोकळी करावीच लागते. पण ही गाठ केमोथेरपीने आक्रसते आणि पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात. तिथेही बारीक प्लास्टिकची नळी घालतात, आणि गाठ विरली की ती काढून टाकतात.